चौकातील मोजदाद

शाळा भरण्याच्या सुमारास पुण्याच्या पश्चिम अंगच्या एका चौकात, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर आणि समोरच्या रसवंतीच्या बाकावर, चिमट्याची पाटी मांडीवर घेऊन बसलेली वयस्क मंडळी पाहिली की ती कसली तरी वर्गणी गोळा करीत असावीत असा समज होतो. परंतु जवळ जाऊन पाहावे तो त्यांची नजर माणसांवर नसून चाकांवर असते, आणि जाणाऱ्या प्रत्येक वाहनामागे कागदावर एक उभी रेघ पडून पाचवी रेघ आधीच्या चारांना छेदून जाते. ही तेथील रहिवासी संघाची वाहनगणना. मीही तिच्यात रिक्षांचा रकाना सांभाळला आहे.

या मोजदादीची प्रथा संघात बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी पाडली, ज्यांना सारी वसाहत ओव्हरसियरकाका म्हणते. तोवर दप्तरात साचलेले अर्ज सारे एकाच वळणाचे होते : वाहने भरधाव जातात, वृद्धांस व बालकांस धोका आहे, तरी उचित कार्यवाही व्हावी. त्यांवर आवक क्रमांकाचा शिक्का पडे, आणि तेथेच त्यांचे आयुष्य संपे. "अहो, धोका आहे असं लिहिलंत तर साहेब बघतो म्हणतील," काका म्हणत, "किती आहे ते लिहा, म्हणजे त्यांना उत्तर लिहावं लागेल." निवेदनांवर शेकडो सह्या घेऊन जे साधले नाही ते एका रकानेवार तक्त्याने साधते, हे मी पुढे पाहिले.

आपल्या रस्त्यांची मापे ठरविणारी इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था १९३४ साली स्थापन झाली ती १९२७ च्या जयकर समितीच्या शिफारशींतून. हे जयकर म्हणजे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, हे संघातील पुष्कळांस ठाऊक नव्हते, आणि कळल्यावर त्यांना या संस्थेच्या कोरड्या पुस्तिकांविषयी उगाच आपलेपणा वाटू लागला. त्या संस्थेच्या एका जुन्या कोष्टकात मोटार एक धरली तर दुचाकी अर्धी, बस अगर मालमोटार तीन आणि मोठी बैलगाडी चक्क आठ मोजावी असे आहे, कारण रस्ता कोण किती अडवितो याचा तो हिशेब आहे. पायी चालणारा इसम या कोष्टकात नाही.

त्याचा विचार दुसऱ्या पुस्तिकेत केला आहे, आणि तो वाचून मी काही काळ स्वस्थ बसलो. नियंत्रित पादचारी मार्ग द्यावा की नाही हे ठरविताना गर्दीच्या तासातील पादचाऱ्यांच्या संख्येला वाहनसंख्येच्या वर्गाने गुणावयाचे, आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर तो गुणाकार दहा कोटींवर गेला तर मागणी रास्त समजावयाची. म्हणजे तासाला पाचशे वाहने असतील तर चारशेंहून अधिक पादचारी हवेत; वाहने हजार झाली की शंभरांच्या वर कोणी असले तरी पुरे. सूत्र वाईट नाही. पण जी आजी रस्त्याच्या भयाने पलीकडच्या देवळात जाण्याचे सोडून बसली आहे, तिची रेघ कोणाच्याच पाटीवर पडत नाही. रस्ता जितका भयंकर, तितके ओलांडणारे थोडे, आणि तितकाच अर्ज दुबळा. यावर काकांनी काढलेली तोड साधी होती : मोजणीसोबत घरोघर जाऊन कोणी कोठे जाणे थांबविले याची यादी जोडावयाची. ही यादी बहुतेक महिला मंडळाच्या वहिनींनी केली, कारण असली कबुली पुरुषांपाशी कोणी देत नाही.

गतिरोधकाची कथा मात्र निराळी. प्रत्येक सभेत तो हवाच असतो, फक्त आपल्या फाटकासमोर नको असतो, कारण रात्री रिकाम्या टेम्पोचा खडखडाट झोप मोडतो. नियमाप्रमाणे सर्वसाधारण गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, म्हणजे १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा कंस असावा, की ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्यास तो हलकेच उचलून ठेवील. काकांनी दोरी आणि ओळंबा घेऊन चौकाजवळचा जुना उंचवटा मोजला, तेव्हा तो नियमाच्या निम्म्याइतकाही रुंद नसून उंचीला मात्र नियमाच्या पुढे गेलेला निघाला. तो कोणी व कोणाच्या हुकुमाने घातला, याची नोंद कोठेही मिळाली नाही.

रस्तारुंदीच्या प्रश्नावर संघ जवळजवळ फुटला. १९६६ च्या नगररचना अधिनियमाखाली विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला म्हणजे मुदतीत हरकती व सूचना दाखल करावयाच्या असतात. नकाशातील रेषा ज्यांच्या कुंपणाच्या आत येते त्यांना वसाहतीची शांतता आठवते, आणि ज्यांच्या बाहेरून जाते त्यांना शहराची प्रगती. गेलेल्या जमिनीबदली चटईक्षेत्र मिळते असे कळल्यावर काही शांतताप्रिय सभासदांचेही मतपरिवर्तन झाले. अखेर संघाने रुंदीबाबत मौन पत्करून एवढेच मागितले की, रुंदी काहीही ठेवा, पण पदपथाची १.८ मीटर मोकळी जागा खांब आणि डबे टाकून खाऊ नका.

स्थळपाहणीस एक तरुण अभियंता आला. त्याने तक्ता उलटसुलट पाहिला, दोन बेरजा स्वतः करून घेतल्या, आणि "हे कोणाकडून करून घेतलंत काका?" असे विचारले. जुना उंचवटा काढून मापाचा घालण्याची व झेब्रा पट्टे आखण्याची तजवीज त्यानंतर झाली. शाळेसमोर वाहने उभी करण्यास मनाई करणारा हुकूम वाहतूक शाखेने तूर्त प्रायोगिक म्हणून काढला आणि त्यावर नागरिकांच्या हरकती मागविल्या. पहिली हरकत संघाच्याच एका सभासदाची होती, कारण त्याची मोटार गेली कित्येक वर्षे तेथेच उभी राहत असे. तिचा मजकूर शुद्ध व मुद्देसूद उतरावा म्हणून तो काकांकडेच आला, आणि काकांनीही चष्मा पुसून, वाहनांची संख्या कोणत्या परिच्छेदात घालावी हे त्याला नीट समजावून सांगितले.