पिस्तूल, स्वसंरक्षणाचे

पिस्तूल, स्वसंरक्षणाचे : एका हातात धरून झाडता येईल अशा आखूड नळीच्या अग्निशस्त्रास सामान्यपणे पिस्तूल म्हणतात. व्यवहारात या एकाच नावाखाली रचनेने भिन्न अशी दोन शस्त्रे मोडतात. फिरत्या चक्रीच्या पाचसहा घरांत काडतुसे ठेवणारे ते रिव्हॉल्व्हर आणि मुठीत बसणाऱ्या पेटीतून प्रत्येक बारानंतर नवे काडतूस आपोआप नळीमागील कोठीत चढविणारे ते स्वयंभरणी पिस्तूल. खाजगी व्यक्तीने स्वसंरक्षणासाठी असे शस्त्र प्रथमच घ्यावयाचे झाल्यास कायदा, काडतूस, यंत्ररचना व सांभाळ या अंगांनी कोणता विचार करावा लागतो, याचे विवेचन प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे नासिक शहर व जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. युद्धोपयोगी व नेमबाजीच्या स्पर्धांतील पिस्तुलांचा विचार येथे केलेला नाही.

सॅम्युएल कोल्ट या अमेरिकन संशोधकाने १८३६ मध्ये रिव्हॉल्व्हरचे अमेरिकी एकस्व मिळविले. धातूच्या कवचाचे काडतूस प्रचारात आल्यावर ते खऱ्या अर्थाने सुटसुटीत झाले. जॉन ब्राउनिंग याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार केलेल्या आराखड्यांमुळे खिशात मावणारे स्वयंभरणी पिस्तूल शक्य झाले. नासिकचा या शस्त्राशी असलेला संबंध ऐतिहासिक आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी येथील विजयानंद नाट्यगृहात शारदा नाटकाच्या प्रयोगास आलेले जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडून त्यांना ठार केले. वि. दा. सावरकर यांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या हाती पाठविलेल्या वीस पिस्तुलांपैकी हे एक होते, असे पुढे खटल्यात मांडले गेले. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाणे येथे फाशी देण्यात आले. त्या काळी १८७८ चा शस्त्र कायदा अमलात होता व त्याच्या तरतुदींतून यूरोपीयांना सूट असल्याने परवान्याचा जाच प्रायः भारतीयांनाच होई. हा भेद स्वातंत्र्योत्तर काळात शस्त्र अधिनियम, १९५९ याने नाहीसा केला. हा अधिनियम १९६२ पासून अमलात आला. त्याखालील १९६२ च्या नियमांची जागा २०१६ च्या नियमांनी घेतली आहे.

शस्त्र बाळगणे हा भारतात मूलभूत हक्क नाही; ती कायद्याने विशिष्ट अटींवर दिलेली मुभा आहे. अधिनियमाच्या तेराव्या कलमात एक सूक्ष्म पण महत्त्वाचा भेद केलेला आढळतो. संरक्षणासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत अंतर्भागाची बंदूक मागणाऱ्यास, नकाराचे विहित कारण नसल्यास, परवाना द्यावयाचा असतो. पिस्तुलाच्या बाबतीत मात्र अर्जदारास ते हवे असण्याचे सबळ कारण आहे, अशी प्राधिकाऱ्याची खात्री व्हावी लागते. केवळ ‘भीती वाटते’ एवढे म्हणणे म्हणूनच सहसा पुरत नाही. सराफ, रोख रकमेची ने-आण करणारा कांदा किंवा द्राक्ष व्यापारी, पेट्रोल पंपाचा चालक, धमकी आल्याची पोलिसांत नोंद असलेली व्यक्ती यांना आपले कारण कागदोपत्री दाखविता येते. नासिक पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त आणि जिल्ह्याच्या उर्वरित भागात जिल्हादंडाधिकारी हे परवाना प्राधिकारी होत. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. अर्जासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षितपणे ठेवण्याची हमी व शस्त्रसुरक्षेच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र ही मागितली जातात आणि पोलिसांचा चौकशी अहवाल घेतल्यावाचून निर्णय होत नाही. परवाना नाकारल्यास अपील करता येते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळ असू शकणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली, तर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. पिस्तूल प्रथम विकत घेऊन परवाना मागाहून काढू, असा समज अद्यापि आढळतो. तो पूर्णतः चुकीचा आहे. परवान्यावाचून विक्रेता शस्त्र हातातही देऊ शकत नाही.

जिल्ह्यात परवान्याच्या मागणीमागे आणखी एक कारण सांगितले जाते. निफाड, दिंडोरी, सिन्नर या तालुक्यांतील उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर असून वस्तीवर एकट्या राहणाऱ्या कुटुंबांची धास्ती खरी आहे. तथापि पिस्तूल हा त्यावरील उपाय नव्हे. अंधारात अंगावर येणाऱ्या जनावरावर आखूड नळीच्या शस्त्राचा नेम साधणे अनुभवी माणसासही दुरापास्त असते आणि जखमी बिबट्या अधिकच धोकादायक ठरतो. शिवाय बिबट्यास वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याचे सर्वोच्च संरक्षण असून जिवावर बेतलेल्या प्रसंगी सद्भावनेने केलेल्या बचावापुरताच अपवाद आहे. बंद गोठा, उजेड व वनखात्याचा पिंजरा यांचा उपयोग येथे अधिक होतो.

काडतुसाची निवड : परदेशी ग्रंथांतील सल्ला येथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण निवडीचे क्षेत्र कायद्यानेच आखून दिलेले आहे. ०·३८० व ०·४५५ इंची कडेची काडतुसे आणि सैन्यात वापरली जाणारी ९ मिमी. किंवा ०·४५ इंची बिनकडेची काडतुसे ज्यांत बसतात, अशी पिस्तुले ‘निषिद्ध बोअर’ या वर्गात येतात. ती सामान्य नागरिकास मिळत नाहीत. उरतात ती मुख्यत्वे ०·३२ इंची व त्याहून लहान शस्त्रे. ०·३२ इंची नावाचीही दोन भिन्न काडतुसे आहेत : रिव्हॉल्व्हरचे लांब, कडेचे काडतूस आणि पिस्तुलाचे आखूड काडतूस (७·६५ मिमी. ब्राउनिंग). ती एकमेकांच्या शस्त्रांत वापरावयाची नसतात. परवान्यावरील व काडतुसाच्या डब्यावरील नोंद ताडून पाहण्याची सवय यासाठी प्रथमपासूनच लावून घ्यावी लागते. या दोन्ही काडतुसांची नळीच्या तोंडाशी असणारी ऊर्जा सु. १५० ते १८० जूल, म्हणजे ९ मिमी. काडतुसाच्या निम्म्याहूनही कमी असते. म्हणून बोअरच्या आकड्यापेक्षा नेमकेपणास येथे अधिक महत्त्व येते. मंद काडतुसाचा एक लाभही आहे. प्रत्याघात सौम्य असल्याने नवशिक्याचा हात उचलला जात नाही आणि दुसरा बार लवकर साधता येतो. ०·२२ इंची शस्त्राचा झटका याहूनही कमी असतो. तथापि त्याच्या काडतुसात स्फोटक मिश्रण कडेत भरलेले असल्याने बार फुसका जाण्याचा संभव तुलनेने अधिक असतो.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल : प्रथमच शस्त्र घेणाऱ्यास बहुधा रिव्हॉल्व्हर सुचविले जाते व ते योग्यच आहे. त्याच्या चक्रीत काडतुसे आहेत की नाहीत हे उघडून तत्काळ दिसते. एखादे काडतूस पेटले नाही, तर पुन्हा चाप ओढताच चक्री फिरून पुढचे काडतूस समोर येते. ते महिनोन् महिने भरून ठेवले तरी कोणत्याही कमानीवर ताण राहत नाही. स्वयंभरणी पिस्तूल चपटे असते, खिशात उठून दिसत नाही व त्यात काडतुसेही अधिक मावतात. परंतु काडतूस अडकल्यास सरकपट्टी ओढून अडथळा काढण्याची क्रिया हातवळणी पडलेली असावी लागते. सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. मुठीतील पेटी काढून घेतली म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे वाटते. प्रत्यक्षात एक काडतूस कोठीत राहिलेले असू शकते. घरांत घडणाऱ्या पिस्तुलांच्या अनेक अपघातांचे मूळ या एका गैरसमजात असते. पेटी काढणे, नंतर सरकपट्टी मागे ओढणे आणि कोठीत डोळ्यांनी व बोटाने खात्री करणे, हा क्रम बदलता येत नाही.

शस्त्राची मूठ हातात बसते की नाही हे दुकानात पाहता येते, मात्र बहुतेक ग्राहक तेवढेही करीत नाहीत. पकड नीट घेतली असता तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज टेकले पाहिजे. घोडा न उचलता केवळ चाप ओढून रिव्हॉल्व्हर झाडण्यास सु. ५ किग्रॅ. इतका जोर लागतो. घोडा आधीच उचलला असल्यास त्याच्या निम्म्याहूनही कमी. बोटांत जोर नसलेल्या वृद्ध व्यक्तीस पहिली पद्धत जड जाते, तर दुसरीत घाबरलेल्या हातून अकाली बार उडण्याची भीती असते. वजनाबाबतही असाच तोल साधावा लागतो. जड शस्त्राचा झटका कमी, पण ते रोज जवळ बाळगणे नकोसे होते. हलके शस्त्र जवळ राहते, पण हातास हिसका देते. तेव्हा घरातील कपाटात राहणारे शस्त्र जड चालेल, अंगावर बाळगावयाचे हलके हवे.

देशी बनावटीत आयुध निर्माणींचे ०·३२ इंची रिव्हॉल्व्हर दीर्घकाळ सर्वपरिचित आहे. त्याची घडण वेब्ली या जुन्या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या धर्तीची असून वरचा खटका दाबला असता ते मध्ये मोडून उघडते. जानेवारी २०१४ मध्ये कानपूर येथे ‘निर्भीक’ हे टायटॅनियम मिश्रधातूचे सु. ५०० ग्रॅ. वजनाचे रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून विक्रीस आले. दिल्लीतील २०१२ च्या अत्याचाराच्या घटनेनंतर ‘निर्भया’ या नावाचे स्मरण ठेवून हे नाव दिले गेले. त्या वेळी त्याची किंमत सु. १ लाख २२ हजार रुपये होती, म्हणजे ज्या स्त्रियांना रात्री बसथांब्यावर उभे राहावे लागते त्यांच्या आवाक्याबाहेरची. आयुध निर्माणी मंडळाचे २०२१ मध्ये सात कंपन्यांत विभाजन झाल्यावर त्यांपैकी कानपूरच्या कंपनीने २०२३ मध्ये ‘प्रबल’ हे बाजूस उघडणाऱ्या चक्रीचे, सु. ७०० ग्रॅ. वजनाचे रिव्हॉल्व्हर काढले. ते ५० मी. पर्यंत मारा करते, या गोष्टीचा बराच गाजावाजा झाला. स्वसंरक्षणाचा प्रसंग काही पावलांच्या अंतरावर घडतो. अर्धशे मीटरवरील माणूस बहुधा पळून जात असतो आणि पळणाऱ्यावर झाडलेली गोळी कायद्याच्या दृष्टीने बचाव ठरणे कठीण असते.

पुष्कळांचे पहिले पिस्तूल विकत घेतलेले नसून वारशाने आलेले असते. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, अथवा तो सत्तर वर्षांचा झाल्यावर किंवा त्याने शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर, ते कायदेशीर वारसाकडे जाऊ शकते; मात्र वारसास स्वतःचा परवाना घ्यावा लागतो. आजोबांची वेब्ली किंवा बेल्जियन ब्राउनिंग ही बहुधा आजच्या नव्या शस्त्राहून सुबक असते व आयातीवरील निर्बंधांमुळे तिला बाजारात मोठी किंमतही येते. तरीही ती वापरण्यापूर्वी परवानाधारक शस्त्रकारागिराकडून तपासून घेणे आवश्यक असते. नळी गंजाने खडबडीत झाली आहे काय, घोडा उचलला असता चक्री हालते काय, चक्रीचे घर नळीशी तंतोतंत जुळते काय, हे तो पाहतो. शस्त्र निषिद्ध बोअरचे निघाल्यास ते तसेच पेटीत पडू देणे हा गुन्हाच ठरतो. सातपुड्याच्या सीमावर्ती भागातून चोरट्या मार्गाने येणाऱ्या गावठी कट्ट्याबाबत तर निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याची नळी काडतुसाच्या दाबास पुरी पडत नाही व ती झाडणाऱ्याच्याच हातात फुटू शकते. विनापरवाना अग्निशस्त्र जवळ बाळगण्यास २०१९ पासून किमान दोन व कमाल पाच वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे.

सराव व सांभाळ : परवान्यावर काडतुसांची संख्या मर्यादित असते व ती महागही असतात. परिणामी अनेक परवानाधारक वर्षानुवर्षे एकही गोळी झाडीत नाहीत. ०·१७७ इंची व २० जूलपर्यंत ऊर्जेच्या हवाई पिस्तुलास परवाना लागत नाही. पकड, नेम व चाप ओढण्याची रीत त्यावर स्वस्तात शिकता येते. घरी शस्त्र कुलुपात, काडतुसे वेगळ्या कुलुपात, असा सर्वमान्य नियम आहे. रात्री उशाशी भरलेले पिस्तूल ठेवणाऱ्यास तो पटत नाही. तथापि अमेरिकेत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या घरांत बंदूक वा पिस्तूल होते तेथे घरात हत्या घडण्याची शक्यता इतर घरांच्या सु. २·७ पट आढळली आणि मारेकरी बहुतांशी कुटुंबीय वा परिचित होते. कॅलिफोर्नियातील २०२० च्या अभ्यासात पिस्तूल बाळगणाऱ्यांमध्ये आत्महत्येचे प्रमाणही कितीतरी अधिक दिसले. भारतातील परिस्थिती वेगळी असली, तरी घरात कोणी नैराश्याने ग्रस्त असेल, व्यसनी असेल किंवा मुले लहान असतील, तर शस्त्र न घेणे हीच निवड जाणकार सुचवितात. घराची घडणही लक्षात घ्यावी लागते. पंचवटीतील जुन्या वाड्यांच्या लाकडी पडद्या आणि नव्या सदनिकांची प्लायवुडची दारे ०·३२ इंची गोळीसही अडवू शकत नाहीत व पलीकडे शेजारी झोपलेले असतात. समारंभात हवेत बार काढून जीव धोक्यात घालणे हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे.

शस्त्राच्या परवान्याने ते माणसावर झाडण्याचा अधिकार मिळत नाही. तो प्रश्न भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या ३४ ते ४४ या कलमांनी (पूर्वीच्या दंड संहितेची ९६ ते १०६) नियंत्रित होतो. मृत्यू, जबर दुखापत, बलात्कार, अपहरण इ. भय वाजवीपणे वाटल्यास हल्लेखोराचा मृत्यू ओढवेपर्यंत बचाव करता येतो. मालमत्तेच्या बाबतीत जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घरास लावलेली आग यांसारख्या प्रसंगांपुरतीच ही मर्यादा जाते. साध्या चोरीस ती लागू नाही. पोलिसांचे साहाय्य घेण्यास अवधी असेल, तर हा अधिकार उद्भवत नाही. आवश्यकतेहून अधिक इजा करता येत नाही आणि धोका संपताच अधिकारही संपतो. प्रत्यक्षात हा निर्णय माणसास दोनतीन क्षणांत घ्यावा लागतो व न्यायालय तो पुढे सावकाश तपासते.

निवडणुकीच्या काळात परवानाधारकांची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करवून घेतली जातात. कोणाकडून घ्यावयाची हे छाननी समिती ठरविते. बँकांचे पहारेकरी व स्पर्धात्मक नेमबाज यांना सामान्यतः सूट मिळते. जमा केलेल्या शस्त्राची पावती जपून ठेवावी लागते व निकालानंतर ती दाखवून शस्त्र परत घेता येते. परत आलेले शस्त्र भरण्यापूर्वी पुसून, उघडून तपासणे इष्ट असते, कारण दमट कोठारात काही आठवडे पडून राहिलेल्या नळीस पावसाळ्याच्या दिवसांत गंज चढलेला असू शकतो.