रुग्णपत्रिकेतील आलेख : दोन मोजमापांची एक वाट

पेण व रोहा येथील आमच्या चिकित्सालयांत प्रमेही रुग्णाची रक्तशर्करा व वजन प्रत्येक भेटीत रुग्णपत्रिकेवर लिहिले जाते. मात्र त्याचा आलेख क्वचितच निघतो, आणि निघाला तरी त्याचा प्रकार विचारपूर्वक निवडलेला नसतो.

उपाशीपोटीची व जेवणानंतरची शर्करा एकाच मापातील असल्याने एका अक्षावर दोन रेषा पुरतात. दोहोंतील अंतर तत्काळ दिसते. शर्करा व वजन यांचे तसे नाही. डावीकडे एक व उजवीकडे दुसरे माप देऊन दोन्ही रेषा एकत्र काढण्याची संगणकीय सोय आम्हांस मान्य नाही. मापपट्टी थोडी ताणली की रेषा हव्या तेथे छेदतात, आणि त्या छेदबिंदूस काहीच अर्थ नसतो. त्यापेक्षा एकाखाली एक दोन आलेख काढून तारखांची पट्टी समान ठेवावी.

याहून बोलका तिसरा प्रकार आहे. आडव्या अक्षावर वजन, उभ्या अक्षावर शर्करा घ्यावी. प्रत्येक भेटीचा एक बिंदू मांडून ते तारखेच्या क्रमाने जोडावेत व जवळ महिना लिहावा. चरकाचार्यांनी प्रमेहचिकित्सेत स्थूल-बलवान व कृश-दुर्बल असे दोन रुग्ण वेगळे केले आहेत. पहिल्यास संशोधन, दुसऱ्यास बृंहण. समजा, स्थूल रुग्णाचे वजन ८४ वरून ७८ किलो व उपाशीपोटीची शर्करा १८० वरून १३० झाली. त्याची वाट डावीकडे खाली उतरते. कृश रुग्णाची शर्करा स्थिर राहून वाट नुसती डावीकडे सरकली, तर शर्करेची एकटी रेषा सपाट व समाधानकारक भासेल, परंतु धातुक्षय चालूच असेल. वाट डावीकडे वर चढू लागल्यास लंघन थांबवून, इन्सुलिनची गरज तपासण्यासाठी रुग्णास विनाविलंब तज्ज्ञाकडे पाठवावे.

औषधालयचालकांनी हाच प्रकार मासिक पाऊस व अविपत्तिकर चूर्णाची विक्री यांसाठी वापरून पाहावा. वर्षा ऋतूत पित्ताचा संचय, शरदात प्रकोप. विक्री त्यानुसार होत असेल, तर जुलैचा बिंदू उजवीकडे खाली व ऑक्टोबरचा डावीकडे वर पडेल. नुसत्या विखुरलेल्या बिंदूंवरून ‘संबंध नाही’ असे वाटेल. क्रमाने जोडताच वळसा उमटतो आणि पावसामागून मागणी किती उशिरा येते ते कळते. मालाची मागणी त्या बेताने नोंदविता येते.

बिंदू पंधरा-वीसांपुढे गेले की या आलेखाचा गुंता होतो. तेव्हा वरखाली दोन आलेखच काढावेत.