तिसऱ्या दिवसाचा चढ

बागमांडल्याहून निघालेली फेरीबोट सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीच्या जेट्टीला लागते. आधी मोटारसायकली उतरतात, मग गाड्या, आणि शेवटी हेल्मेट घातलेली दहा-बारा माणसं आपापल्या सायकली ढकलत बाहेर येतात. बहुतेक जण पंचेचाळीस ते साठीच्या घरातले. अलिबागहून निघून त्यांना दोन दिवस झालेले असतात आणि रत्नागिरी अजून चार दिवसांवर असते. पहिल्या दिवशी काशीदच्या किनाऱ्यावर प्रत्येक वळणाला फोटो निघाले होते. आज कुणी मोबाइलला हात लावत नाही. गटाचा मार्गदर्शक पुढच्या चढांची माहिती देतो. मागे टेम्पो उभा असतो, त्यात बॅगा, पंपापासून पंक्चरच्या सामानापर्यंत सगळं असतं आणि दोन-तीन सीट रिकाम्या असतात. त्या सीटकडे सगळे एकदा बघतात आणि नजर वळवतात.

हिवाळा आला की पुण्या-मुंबईहून असे गट कोकणच्या किनाऱ्याला लागतात. मार्गही सुरेख आहे. रेवदंड्याचा पूल ओलांडला की डावीकडे फणसाडचं रान सुरू होतं. एकेकाळी ही जंजिऱ्याच्या सिद्दींची शिकारीची राखीव जागा होती. १९८६ पासून ते अभयारण्य आहे, आणि नशीब असेल तर झाडावर शेकरू दिसतं. पुढे मुरुड-जंजिरा, मग आगरदांडा ते दिघी बोटीने, दिवेआगर, पेशव्यांचं श्रीवर्धन, हरिहरेश्वर. खाडीपलीकडे नाना फडणवीसांचं वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै. मग दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड अशा आणखी दोन बोटी, मधे गुहागर, नंतर केशवसुतांचं मालगुंड, गणपतीपुळे आणि आरे-वारेच्या वळणावरून रत्नागिरी. रोजचं अंतर ५० ते ८० किलोमीटर. सराव असलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटतो. इथेच पहिली फसगत होते.

नकाशावर रस्ता समुद्राला चिकटून जातो, म्हणून तो सपाट असेल असं वाटतं. कोकणातला माणूस हसेल. प्रत्येक खाडीपाशी रस्ता पाण्यापर्यंत उतरतो आणि पलीकडे पुन्हा जांभ्याच्या सड्यावर चढतो. चढ लांब नसतात, पण उभे असतात, आणि सड्यावर सावलीला झाड नसतं. एका दिवसात असे पाच-सहा चढ आले तरी निभावतं. सलग सहा दिवस आले की शरीराचा हिशेब वेगळा होतो, कारण काल जे खर्च झालं ते आज पहाटेपर्यंत भरून आलेलं नसतं.

हा खर्च मुख्यतः ग्लायकोजेनचा. स्नायूंमध्ये साधारण ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास साखरेचा हा साठा असतो. चार-पाच तास चढउतारावर सायकल चालवली की त्याचा मोठा भाग संपतो, आणि पोटभर पिष्टमय अन्न मिळालं तरी तो पुरता भरायला जवळजवळ एक दिवस लागतो. आता संध्याकाळच्या खाणावळीतलं दृश्य पाहा. ताटात सुरमई आहे, सोलकढी आहे आणि भाताचा ढीग तसाच बाजूला सारलेला आहे. घरी वजन आणि साखरेसाठी भात कमी केलेला असतो. ती सवय इथेही पाळली जाते. एरवी चांगली असलेली ही शिस्त या सहा दिवसांत नडते. तिसऱ्या दिवशी सकाळी पाय जड होतात, छोट्या कारणावरून चिडचिड होते, आणि ‘वय झालं’ असा निष्कर्ष निघतो. बऱ्याचदा वय नव्हे, भात कमी पडलेला असतो.

मांड्या दुखण्याचं कारण मात्र सायकल असेलच असं नाही. पॅडल मारताना मांडीचे स्नायू जोर लावत आखडतात. पायऱ्या उतरताना ते जोर लावत ताणले जातात, आणि स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते ती मुख्यतः या ताणामुळे. दुखणं लगेच जाणवत नाही. ते एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं. आदल्या संध्याकाळी हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या अरुंद, उभ्या पायऱ्या समुद्रापर्यंत उत्साहाने उतरलेला माणूस दुसऱ्या दिवशी सायकलला दोष देत असतो. प्रदक्षिणा करू नये असं नाही. हळू उतरावं, एवढंच.

उन्हाचं प्रकरण अधिक गंभीर आहे. डिसेंबरच्या पहाटे किनाऱ्यावर गार वाटतं, पण अकरानंतर ऊन चटकतं आणि हवेत दमटपणा असतो. घाम अंगावरून वाळला तर शरीर थंड होतं. दमट हवेत तो नुसता ओघळतो. चालत्या सायकलवर वारा लागतो तोवर कळत नाही, चढावर वेग मंदावतो आणि वारा थांबतो. पुण्याच्या कोरड्या हवेत सराव केलेल्या शरीराला या हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. सहल त्याआधीच संपते. म्हणून पहाटे उजाडताच निघून साडेअकराच्या आत दिवसाचे मोठे चढ संपवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. जो मार्गदर्शक नऊ वाजता न्याहारीला बसवतो, त्याला कोकण कळलेलं नाही.

पाणी भरपूर प्यावं हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि त्यातून उलटाही घोटाळा होतो. घामातून पाण्याबरोबर मीठ जातं. तहान नसताना दर थोड्या वेळाने नुसतं पाणी रिचवत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटातली अंगठी घट्ट होते, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो. सोबती ‘ऊन लागलं’ म्हणून त्याला आणखी पाणी पाजतात, आणि नेमकं तेच घातक ठरतं. शहाळं चवीला उत्तम आहे, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असतं. मिठाची भरपाई त्याने होत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी तर दिवसाला चार-पाच शहाळी पिण्याआधी डॉक्टरांना विचारावं. मीठ घातलेलं कोकम सरबत, ताक, ओआरएसचं पाकीट सांगितल्याप्रमाणे एक लिटर पाण्यात विरघळवून, आणि तहानेप्रमाणे पाणी, हे पुरतं. ज्यांना मीठ कमी करायला सांगितलं आहे, त्यांनी हेही निघण्यापूर्वी विचारून घ्यावं. मात्र उन्हात एखादा असंबद्ध बोलू लागला, अडखळला आणि त्याचं अंग तापलेलं असलं, तर चर्चा नको. सावलीत घ्यावं, कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावं, वारा घालावा आणि १०८ ला फोन लावावा.

या गटांमध्ये मधुमेही असतातच. सायकल त्यांच्यासाठी उत्तम औषध आहे, पण औषधावर औषध पडतं तेव्हा मात्रा बघावी लागते. व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम वाढतो, आणि तो वाढलेला परिणाम व्यायाम थांबल्यावरही २४ ते ४८ तास टिकतो. सहलीत दुसऱ्या दिवशी सकाळी आधीचा परिणाम ओसरायच्या आतच पुन्हा सायकल सुरू होते. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्याला साखर खाली जाण्याचा धोका फारसा नसतो. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला तो खराच असतो, आणि ही वेळ बहुधा रस्त्यावरची नसून रात्रीची असते. हर्णैच्या लॉजवर दोन-अडीच वाजता घामाने भिजून, धडधडत जाग येते. आदल्या रात्री भात टाकलेला असतो, दमल्याच्या आनंदात बिअर घेतलेली असते. आणि यकृत दारू निस्तरण्यात गुंतलं की रक्तात साखर सोडण्याचं त्याचं काम मागे पडतं. शेजारच्या पलंगावरचा माणूसही दमून झोपलेला असतो.

दिवसा वेगळीच अडचण. साखर उतरल्याची ओळख घाम, थरथर आणि धडधड यांवरून पटते. चढावर या तिन्ही गोष्टी सगळ्यांनाच होत असतात. त्यात रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते. म्हणून लक्षणांवर विसंबू नये. निघण्यापूर्वी, दुपारी आणि झोपताना ग्लुकोमीटरने साखर पाहावी. खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवावी. बॅगेतली साखर टेम्पोत असते आणि टेम्पो दोन वळणं मागे. गोळ्यांची किंवा इन्सुलिनची मात्रा किती कमी करायची हे निघण्याच्या आदल्या आठवड्यात आपल्या डॉक्टरांशी बसून ठरवावं, मनाने नाही. डापाग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकतात. त्यांवर असलेल्याला उन्हात शोष पडू शकतो, आणि क्वचित साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचतं. मळमळ, पोटदुखी, धाप अशी तक्रार घेऊन बसलेल्या मधुमेह्याला ‘कालची कोळंबी बाधली’ असं म्हणून सोडून देऊ नये.

टेम्पोतल्या औषधांच्या डब्यात सर्वांत लवकर रिकामी होते ती वेदनाशामक गोळ्यांची पट्टी. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन कुणी कुणालाही देतं. घाम गेलेल्या शरीरात, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना या वेदनाशामकाची भर पडली तर मूत्रपिंड अचानक अडचणीत येतं. गुडघा दुखतो म्हणून गोळी घेण्यापेक्षा आधी सीट पाहावी. गुडघ्याची पुढची बाजू दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागची दुखत असेल तर वर. पॅडल खालच्या टोकाला असताना गुडघ्यात थोडा बाक राहायला हवा. जड गिअरमध्ये दात-ओठ खात चढण्यापेक्षा हलक्या गिअरमध्ये पाय भराभर फिरवणं गुडघ्याला मानवतं, दिसायला कितीही हास्यास्पद वाटो.

सीटचा त्रास सांगायला लोक लाजतात. बैठकीच्या दोन हाडांऐवजी भार मधल्या नाजूक भागावर आला की तिथली नस दबते आणि बधिरपणा येतो; पुरुषांनाही आणि स्त्रियांनाही. फार मऊ, जाड गादी उलट हा त्रास वाढवते. दर दहा-पंधरा मिनिटांनी पॅडलवर उभं राहावं, सीटचं टोक किंचित खाली घ्यावं. पॅडेड शॉर्ट्स आत दुसरं काही न घालता वापराव्यात आणि रोज धुऊन वाळवाव्यात, नाहीतर चौथ्या दिवशी पुळ्या येतात. हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं, तर तळहाताच्या बुडाशी हँडलने नस दाबली आहे. पकड बदलत राहावं.

या मार्गावर एक सोय आपोआप मिळते: फेरीबोट. बोट येईपर्यंत अर्धा-पाऊण तास सावलीत बसावंच लागतं, काही खाल्लं जातं, कुणाचा चेहरा उतरलाय ते एकमेकांना दिसतं. रेवस ते रेडी सागरी महामार्गासाठी खाड्यांवर पूल होऊ घातले आहेत. गावांची सोय होईल यात शंका नाही, पण सायकलवाल्यांची ही सक्तीची विश्रांती जाईल.

मग उरतो तो टेम्पो. मार्गदर्शकासह सहल घेण्यामागे बॅगा उचलायला माणूस मिळावा, एवढाच हेतू नसतो. कधी थांबायचं हे सांगणारा कुणी असावा, हाही असतो. चांगला मार्गदर्शक पैसे भरून घेताना प्रत्येकाच्या आजारांची आणि औषधांची यादी मागतो, मोबाइलची रेंज कुठे जाते हे त्याला ठाऊक असतं, आणि अलिबाग व रत्नागिरीची जिल्हा रुग्णालयं सोडली तर मधल्या तालुक्यांतलं जवळचं सरकारी रुग्णालय कुठे आहे हेही त्याच्या वहीत असतं. पण टेम्पोत बसण्याची लाज तो घालवू शकत नाही. अशा प्रत्येक गटात एक तरी गृहस्थ असतात जे छातीत जडपणा, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यांतलं काहीतरी जाणवत असूनही ‘एवढा चढ होऊ दे’ म्हणतात. नियमित व्यायामाने हृदयविकाराचा धोका कमी होतो हे खरं. पण सवय नसलेल्याने एकदम जोराचा व्यायाम केला तर त्या वेळेपुरता तो वाढतो, हेही तितकंच खरं. चालताना छातीत दुखणाऱ्याने, धाप लागणाऱ्याने, घेरी येणाऱ्याने बुकिंगच्या आधी तपासून घ्यावं. आणि चढावर शेजाऱ्याशी दोन वाक्यं सलग बोलता येत नसतील तर वेग कमी करावा. तेवढी मोजणी पुरते.

तयारीला दोन ते तीन महिने हवेत. रविवारी एकदाच शंभर किलोमीटर मारून ती होत नाही. शनिवारी ५० आणि रविवारी पुन्हा ५०, तेही सहलीत जी सीट असेल त्याच सीटवर. सायकल भाड्याची असेल तर आपली सीट बरोबर न्यावी. रविवारी सकाळी उठल्यावर शरीर काय म्हणतं, ती खरी परीक्षा.

रत्नागिरीत थिबा पॅलेसपाशी गटाचा फोटो निघतो, सायकली टेम्पोवर चढतात आणि माणसं कोकण रेल्वेने परततात. मधुमेह्यांची साखर पुढचे एक-दोन दिवस कमीच राहते, मग वर सरकू लागते. सहलीसाठी कमी केलेली मात्रा पूर्ववत कधी करायची हेही जाण्याआधीच विचारून ठेवलेलं बरं. बोटांचा बधिरपणा बहुतेकांचा काही दिवसांत किंवा आठवड्यांत जातो. महिन्याभरात गेला नाही, किंवा शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळू लागली, तर बाह्यरुग्ण विभागात येऊन दाखवावं.