‘गॅलेक्सी’ वाहिनीचे आठ महिने

एखादी दूरचित्रवाणी वाहिनी बंद पडली की तिचे कार्यक्रम लोकांना रुचले नसावेत, असा निष्कर्ष आपण सहज काढतो. ब्रिटनमधील ‘गॅलेक्सी’ या उपग्रह वाहिनीची कथा मात्र निराळी आहे. मार्च १९९० मध्ये सुरू झालेली ही वाहिनी त्याच वर्षी डिसेंबरच्या आरंभी बंद झाली. तिच्या अंताची कारणे पडद्यावर नव्हे, तर पडद्यामागे शोधावी लागतात.

‘ब्रिटिश सॅटेलाइट ब्रॉडकास्टिंग’ अर्थात बीएसबी या कंपनीच्या पाच वाहिन्यांपैकी ‘गॅलेक्सी’ ही मनोरंजनाची वाहिनी होय. कंपनीला १९८६ च्या अखेरीस परवाना मिळाला, तो ‘डी-मॅक’ ही नवी प्रसारणपद्धती वापरण्याच्या अटीवर. जुन्या ‘पाल’ पद्धतीत रंग व प्रकाश यांचे संकेत एकमेकांत मिसळत आणि चित्रात दोष येत. डी-मॅकमध्ये ते स्वतंत्रपणे पाठविले जात. त्यामुळे चित्र अधिक स्वच्छ दिसे. घरावर बसवायची ‘स्क्वेरियल’ ही अँटेनाही लहान, चौकोनी व सपाट होती.

परंतु या पद्धतीसाठी लागणाऱ्या चिप वेळेवर तयार झाल्या नाहीत आणि १९८९ चा मुहूर्त टळला. दरम्यान, रूपर्ट मर्डोक यांच्या ‘स्काय’ने ५ फेब्रुवारी १९८९ रोजी ‘पाल’ पद्धतीनेच चार वाहिन्या सुरू केल्या होत्या. तंत्र जुने, पण ते हाताशी होते. स्पर्धेत दोन्ही कंपन्यांना प्रचंड तोटा झाला. अखेर २ नोव्हेंबर १९९० रोजी त्यांचे विलीनीकरण जाहीर झाले. नव्या कंपनीच्या नावात दोघींचीही नावे होती. सूत्रे मात्र स्कायच्या हाती गेली. महिन्याभरातच ‘गॅलेक्सी’ची जागा ‘स्काय वन’ने घेतली.

या निर्णयाची झळ कलावंतांना बसली. गुरूच्या कॅलिस्टो या उपग्रहाभोवती फिरणाऱ्या अवकाशयानातील विद्यार्थ्यांची ‘ज्युपिटर मून’ ही मालिका ‘गॅलेक्सी’वर अर्ध्यावरच थांबली. दीडशे भाग चित्रित झाले असूनही १०८ भागच दाखविले गेले.

प्रेक्षकही सुटले नाहीत. बीएसबीचे ‘मार्कोपोलो’ उपग्रह आकाशात एका दिशेला, तर स्कायचा ‘ॲस्ट्रा’ दुसऱ्या दिशेला. ज्यांनी विश्वासाने स्क्वेरियल विकत घेतली, त्यांची यंत्रसामग्री कालांतराने निरुपयोगी ठरली.

उत्तम तंत्र केवळ निर्माण करून भागत नाही. ते योग्य वेळी लोकांच्या घरी पोहोचावे लागते. ‘गॅलेक्सी’ला ती वेळ साधता आली नाही, आणि त्या विलंबाचे मोल प्रेक्षकांनाही मोजावे लागले, ही बाब आम्हांस अधिक खेदाची वाटते.