वल्हे मारणारे हात

२०१४ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. संध्याकाळचे दवाखान्याचे काम संपत आले होते. एक काकू गर्दी ओसरेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या आणि सगळे गेल्यावर आत आल्या. वय पंचावन्नच्या आसपास. चार वर्षांपूर्वी, म्हणजे २०१० साली, त्यांच्या उजव्या स्तनाची कर्करोगासाठी मोठ्या शहरात शस्त्रक्रिया झाली होती. काखेतल्या गाठी काढल्या होत्या, नंतर किरणोपचार म्हणजे लोकांच्या भाषेत 'शेक' घेऊन झाले होते. परत आल्यावर मीच त्यांना बजावले होते, "काकू, हा हात आता जपायचा. जड काही उचलायचे नाही, धुणे-भांडी करायची नाहीत."

त्यांनी पदर बाजूला करून हात दाखवला. दंडापासून मनगटापर्यंत सूज. खांदा इतका आखडलेला की हात केसांपर्यंत पोचत नव्हता, वेणी सूनबाई घालून देत होती. काकू म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, तुम्ही सांगितलं तस्संच केलं. चार वर्षांत कळशी उचलली नाही की भाकरी थापली नाही. मग हात सुजला कशानं?"

माझ्याजवळ धड उत्तर नव्हते. नंतर वाचन केले, तेव्हा कळले की मी दिलेला सल्ला जुना झाला होता. कॅनडातल्या एका डॉक्टरांनी आणि चोवीस बायकांनी तो एका होडीत बसून खोटा ठरवला होता, आणि त्याचा अहवाल माझ्या सल्ल्याच्या बारा वर्षे आधी छापून आला होता. आजच्या लेखात त्या होडीची हकीकत सांगायची आहे. पण आधी हात सुजतो का, ते पाहू.

आपल्या शरीरात रक्ताच्या नळ्यांखेरीज आणखी एक जाळे असते. पेशींच्या भोवती साचणारा पातळ द्रव गोळा करून तो पुन्हा रक्तात नेऊन सोडणे हे या जाळ्याचे काम. या द्रवाला लसिका म्हणतात. वाटेत ठिकठिकाणी गाळणीसारख्या गाठी असतात, त्यांतल्या बऱ्याच काखेत असतात. स्तनाचा कर्करोग पसरू लागला की बहुधा आधी याच गाठींत जातो, म्हणून शस्त्रक्रियेत त्या काढाव्या लागतात. गाठी गेल्या, वरून किरणोपचारांनी ती जागा निबर झाली, की हातातून वर येणाऱ्या लसिकेची वाट अरुंद होते. ओढ्यात बांध घातल्यावर मागे पाणी तुंबते, तसा द्रव हातात तुंबतो. याला लिम्फेडेमा म्हणतात. हत्तीपाय आपल्याकडे अनेकांनी पाहिलेला असतो. तिथे वाट जंतांमुळे बंद होते, इथे शस्त्रक्रियेमुळे. तुंबण्याचा प्रकार तोच, पण हा हात कोणाला लागत नाही, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

काखेतल्या गाठी पूर्ण काढलेल्या साधारण पाच स्त्रियांत एकीला ही सूज येते. हल्ली शक्य असेल तिथे पहिल्या एक-दोन गाठीच काढून तपासतात आणि त्या निरोगी निघाल्या तर बाकीच्यांना हात लावत नाहीत. अशा स्त्रियांत हे प्रमाण वीसांत एकीच्या आसपास आहे.

आमच्या शिक्षणाच्या काळातला विचार सरळ होता. हाताने श्रम केले की हाताकडे रक्त जास्त येते, रक्त जास्त आले की लसिका जास्त तयार होते, वाट तर अरुंद, तेव्हा हात सुजणार. म्हणून श्रम बंद. ऐकायला अगदी पटते. पण कोणी ते नीट तपासून पाहिलेले नव्हते. वैद्यकात असे कित्येक सल्ले पिढ्यान्पिढ्या चालत येतात.

व्हँकुव्हर हे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर. शहराच्या मध्यात फॉल्स क्रीक नावाची समुद्राची चिंचोळी खाडी शिरलेली आहे आणि उत्तरेला डोंगर आहेत. तिथे हाँगकाँगकडून आलेल्या चिनी वस्तीबरोबर 'ड्रॅगन बोट' हा खेळ रुजला. ही होडी सुमारे चाळीस फूट लांब आणि अरुंद असते, पुढे ड्रॅगनचे तोंड आणि मागे शेपटी. दोघे-दोघे शेजारी असे वीसजण वल्हे मारतात, पुढे एकजण ढोल वाजवून ताल देतो आणि मागे एकजण उभा राहून लांब वल्ह्याने दिशा सांभाळतो. केरळातल्या सर्पनौका आपण दूरदर्शनवर पाहिल्या असतील, सांगलीकडच्या वाचकांनी कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती काठावर उभे राहून पाहिल्या असतील. त्याच घराण्यातला हा खेळ. वल्हे होडीला अडकवलेले नसते. ते दोन्ही हातांत धरून पुढे वाकायचे, पाते पाण्यात बुडवायचे आणि अंग मागे घेत ओढायचे. शर्यतीत हे मिनिटाला साठाहून जास्त वेळा करावे लागते. नेहमीची शर्यत पाचशे मीटरची, तीनएक मिनिटांची, पण तेवढ्यात खांदे, दंड, पाठ आणि पोट सगळ्यांचा कस लागतो.

१९९६ साली तिथल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी नेमका हाच खेळ निवडला. जी गोष्ट करू नका असे सांगतात, तीच डोळ्यांत तेल घालून करून पाहायची. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या चोवीस स्त्रिया तयार झाल्या. त्यांतल्या बहुतेकींनी आयुष्यात वल्हे हातात धरलेले नव्हते. त्यांना थेट होडीत बसवले नाही, हे महत्त्वाचे आहे. आधी व्यायामशाळेत ताणाचे व्यायाम झाले, मग हलकी वजने, ती हळूहळू वाढवली आणि त्यानंतर पाणी. हातांवर वैद्यकीय देखरेख होती. संघाला नाव दिले 'अब्रेस्ट इन अ बोट'. इंग्रजीत 'अब्रेस्ट' म्हणजे खांद्याला खांदा लावून, आणि त्या शब्दातच स्तन हा शब्द दडलेला आहे. ज्या रोगाचे नाव आपल्याकडे आजही कुजबुजत घेतात, तो या बायकांनी होडीवर लिहून मिरवला. त्या वर्षीच्या जूनमध्ये त्या गुलाबी कपडे घालून शर्यतीत उतरल्या.

डॉक्टर मॅकेन्झींनी १९९८ साली कॅनडाच्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात निष्कर्ष दिला. एकीलाही नव्याने सूज आली नाही आणि ज्यांना आधीपासून होती त्यांची वाढली नाही.

चोवीस हा आकडा लहान आहे आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तेवढ्यावरून निकाल देता येत नाही. पण बांध फुटला. पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाला १४१ स्त्रियांवर रीतसर चाचणी झाली आणि २००९ साली प्रसिद्ध झाली. या सर्वांच्या हाताला आधीच सूज होती. निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून दोनदा, हातावर दाबाची बाही घालून, वजने उचलायला लावली, बाकीच्या नेहमीसारख्या राहिल्या. सूज वाढण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखेच निघाले, शंभरात अकरा आणि बारा. पण मधूनच हात एकदम बळावण्याचा त्रास व्यायाम करणाऱ्यांत शंभरात १४ जणींना झाला, तर न करणाऱ्यांत २९ जणींना.

असे का व्हावे? रक्ताला हृदयाचा पंप आहे, लसिकेला तसा मोठा पंप नाही. ती पुढे सरकते ती बरीचशी आजूबाजूच्या स्नायूंच्या आवळण्या-सैलावण्याने आणि खोल श्वासाने. वल्हे मारताना हाताचे आणि पाठीचे स्नायू तालात आवळतात, छाती भात्यासारखी चालते, म्हणजे हा पंप जोरात चालतो. शिवाय सरावलेल्या स्नायूला रोजचे काम कमी जड जाते. आमच्या काकूंचा हात चार वर्षे पोटाशी धरलेला होता. पंप बंद, खांदा आखडलेला. मग एखाद दिवशी नातवाला पटकन उचलले, की त्या कमकुवत हाताला तोच भार झेपत नाही. मी काकूंना हात जपायला सांगितले आणि तो हात निकामी होत गेला.

व्हँकुव्हरच्या त्या संघाचे पुढे काय झाले ते सांगण्यासारखे आहे. एका हंगामापुरता प्रयोग होता, पण बायकांनी होडी सोडलीच नाही. त्यांचे पाहून इतर गावांत, मग ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, इटली अशा देशांत संघ निघाले. २०१० साली त्यांचे आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. २०१८ साली इटलीतल्या फ्लॉरेन्सला आर्नो नदीत त्यांचा मेळा भरला, तेव्हा शंभरावर संघ होते. त्यानंतरचा मेळा २०२३ साली न्यूझीलंडमधल्या करापिरो जलाशयावर झाला. शर्यतीत रस नसलेल्यांसाठी नुसत्या जलसफरीही असतात. व्हेनिसला १९७५ पासून 'वोगालोंगा' नावाची यात्रा निघते. कालवे आणि खाडीतून तीसेक किलोमीटर वल्हे मारत जायचे, पहिला-दुसरा नंबर नाही, मोटारीच्या होडीला मज्जाव. त्यातही या गुलाबी होड्या असतात.

मेळ्यात शर्यती झाल्यावर सगळ्या होड्या पाण्यात एकमेकींना लावून धरतात. ढोल थांबतात. वर्षभरात ज्या मैत्रिणी गेल्या त्यांच्यासाठी प्रत्येकजण एक गुलाबी फूल पाण्यात सोडते. हा रोग पुन्हा उलटू शकतो हे त्या होडीतल्या प्रत्येकीला ठाऊक असते, आणि तरी दुसऱ्या दिवशी सरावाला यायचे असते. घरच्यांना जे सांगता येत नाही ते शेजारी बसलेलीला सांगावेही लागत नाही. औषधाच्या चिठ्ठीवर मला हे लिहून देता येत नाही.

आता आपल्याकडचे पाहू. स्तनाचा कर्करोग हा आज भारतीय स्त्रियांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग आहे, आणि वेळेवर उपचार झालेल्या अनेक जणी पुढे वर्षानुवर्षे जगतात. म्हणजे जपून ठेवलेले, न वापरलेले हात आपल्या गावांतही वाढणार. आपल्या नदीला चार महिने पूर आणि पुढे जलपर्णी, कृष्णेत तर मगरीही, तेव्हा उद्याच होडी काढा असे मी म्हणत नाही. पण वल्हे मारण्यासारखी हालचाल घरात पुष्कळ आहे. दोरीची रवी घेऊन ताक घुसळणे हा दोन्ही हातांचा आणि पाठीचा उत्तम व्यायाम, घरातून रवी गेली त्याबरोबर तोही गेला. भिंतीवर बोटांनी मुंगीसारखे वर चढत जाणे, स्वतःची वेणी स्वतः घालणे, पंचा पाठीमागून दोन्ही हातांनी ओढणे, यांनी खांदा मोकळा राहतो. बोटे आणि कोपर तर शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून हलवायचे. खांद्याचे पूर्ण ताण केव्हा सुरू करायचे आणि वजन केव्हा उचलायचे, हे मात्र शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. वजनासाठी अर्धा लिटर पाण्याची बाटली पुरते. दहा वेळा उचला, दोन आठवडे त्रास झाला नाही तर थोडे वाढवा. सुरुवातीलाच पाण्याची भरली घागर उचलून पाहायची नाही.

सूज येऊ लागल्याची पहिली खूण बहुधा बांगडी सांगते. एका हाताची बांगडी घट्ट होऊ लागली, पोलक्याची एकच बाही काचू लागली, हात जड वाटू लागला की लगेच दाखवावे. शिवणाच्या टेपने दर महिन्याला मनगट, आणि कोपराच्या चार बोटे वर व खाली माप घेऊन कॅलेंडरवर लिहून ठेवावे. सूज आलेलीच असेल तर व्यायामाच्या वेळी मापाची दाबाची बाही घालावी. अंगाचे वजन वाढू देऊ नये, स्थूल स्त्रियांना हा त्रास अधिक होतो. भांगलताना, भांडी घासताना हातमोजा घालावा. हात लाल, गरम होऊन ताप आला तर तो जंतुसंसर्ग असतो, त्याच दिवशी औषध सुरू व्हायला हवे. आणि कोणाकडून जोरजोराने चोळून घेऊ नये. या सुजेसाठीचा मसाज फार हलक्या हाताचा असतो आणि तो शिकलेल्या माणसानेच करायचा असतो.

काकूंचा खांदा मोकळा व्हायला आठ महिने लागले. सूज पूर्ण गेली नाही, जाणारही नाही. जुनी सूज कमी होते, नाहीशी क्वचितच होते, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले होते. पण बाही घालून त्या भाकरी थापतात आणि वेणी स्वतः घालतात. त्यांनी पुढच्या वर्षी पलीकडच्या गल्लीतल्या एकीला माझ्याकडे आणले, तिने तिच्या नणंदेला. आता सहा-सातजणी मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला दवाखान्यामागच्या पडवीत जमतात. वाळू भरलेल्या बाटल्या तिथेच ठेवलेल्या असतात, आणि काकू त्यांना ताल देतात, ढोलाऐवजी टाळ्या वाजवून. आधी मी हात आणि रक्तदाब तपासते, मग व्यायाम. कोणाला यायचे असेल तर मागच्या दाराने यावे, दवाखान्याच्या वहीत नाव लिहावे लागत नाही.