तेराव्या वर्षी कान बाहेर वळतो

बडोद्याला दांडिया बाजारात माझी बहीण राहते. तिच्याकडे गेलं की संध्याकाळी सातच्या सुमाराला एक ठरलेलं दृश्य दिसतं. जेवणाचं टेबल, त्यावर स्टीलचा पेला, पेल्याला टेकवलेला मोबाइल, समोर चित्रवही आणि वहीवर वाकलेली माझी चौदा वर्षांची भाची. पडद्यावर एक मुलगी चित्र काढता काढता गप्पा मारत असते. प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला ती स्वतःचं बिघडलेलं एक पान दाखवते आणि मग कोरं पान उघडते. भाची व्हिडिओ थांबवते, शहरातल्या मांडवी दरवाजाच्या कमानीची चुकलेली रेघ खोडते, पुन्हा काढते आणि व्हिडिओ पुढे सोडते.

गेल्या वर्षी तिची शाळा बदलली. वर्गात ओळखीचं कोणी नव्हतं. मधल्या सुट्टीत ती एकटीच डबा खायची. त्या दिवसांत तिला सोबत होती ती या पडद्यावरच्या मुलीची. एकदा ती मला म्हणाली, "ती मला ओळखत नाही गं मावशी, पण मी तिला ओळखते." हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. जिला आपण आहोत हेही ठाऊक नाही, तिच्या आवाजाने पोराच्या मनाला इतका आधार कसा मिळतो?

उत्तर शोधायला लागले आणि थक्क झाले. कारण त्याचा एक धागा थेट मेंदूत जातो.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी मुलांना एमआरआय यंत्रात झोपवून काही आवाज ऐकवले. काही आवाज त्यांच्या आईचे, काही पूर्ण अनोळखी बायकांचे. शब्द मुद्दाम निरर्थक ठेवलेले आणि प्रत्येक आवाज जेमतेम सेकंदभराचा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी एवढ्याशा तुकड्यावरून आईचा आवाज जवळजवळ अचूक ओळखला. शिवाय तो ऐकताच त्यांच्या मेंदूतले सुखाची पावती देणारे भाग उजळले. हा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. पुढे त्याच संशोधकांनी मोठ्या मुलांवर तो प्रयोग केला आणि 2022 साली त्याचे निष्कर्ष मांडले. आईचा आवाज त्या मुलांनाही तितकाच अचूक ओळखता येत होता. पण तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या आसपास पारडं फिरलेलं होतं. सुखाची पावती देणारे ते भाग आता आईच्या आवाजापेक्षा अनोळखी आवाजाला जास्त प्रतिसाद देत होते.

म्हणजे "हल्ली माझं काही ऐकतच नाही" ही घरोघरीच्या आईची तक्रार मेंदूच्या छायाचित्रात दिसते! आणि यात काही बिघडलेलं नाही. ज्याला उद्या घराबाहेर पडून माणसं जोडायची आहेत, त्याचा कान आधी बाहेर वळायला हवा. निसर्ग ती तयारी तेराव्या वर्षीच सुरू करतो. पूर्वी हा वळलेला कान गल्लीतल्या ताईकडे, आवडत्या मास्तरांकडे, रेडिओवरच्या निवेदकाकडे जायचा. आज तो मोबाइलकडेही जातो.

पण कान वळला म्हणून जवळीक कशी वाटते? त्याचं उत्तर यूट्यूबच्या जन्माच्या बरंच आधी मिळालेलं आहे. 1956 साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांबद्दल एक निबंध लिहिला. पडद्यावरचा माणूस थेट प्रेक्षकाकडे बघून, घरच्यासारखा बोलू लागला की प्रेक्षक मनातल्या मनात त्याला उत्तर देऊ लागतो, त्याच्या सवयी ओळखू लागतो, त्याला आपला मानतो, हे त्यांनी नोंदवलं. नातं एकतर्फी असतं, पण जिव्हाळा खरा असतो.

आता मोबाइलवरचा व्हिडिओ आठवून पाहा. सिनेमातल्या नटाला शिकवलेलं असतं की कॅमेऱ्याच्या भिंगात बघायचं नाही. व्हिडिओ करणारी मुलगी मात्र सारा वेळ भिंगातच बघते, त्यामुळे आपल्याला वाटतं की ती आपल्याच डोळ्यांत बघते आहे. तिच्या मागे तिची खोली दिसते, न आवरलेला पलंग दिसतो. ती "तुम्ही" म्हणून बोलते, ठरल्या वाराला येते. पडदाही हातभर अंतरावर, म्हणजे समोर बसलेल्या मैत्रिणीइतक्याच अंतरावर असतो. मैत्रीच्या इतक्या खुणा जुळून आल्यावर मन तिला मैत्रीण समजतं, यात नवल नाही.

यात आणखी एक सोय आहे, आणि वयात येणाऱ्या मुलांसाठी ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. सलमान खान (सिनेमातले नव्हेत, खान अकादमी या ऑनलाइन शिकवणीचे) 2004 साली आपल्या दूर राहणाऱ्या, नात्यातल्या एका बहिणीला गणित शिकवू लागले. पुढे त्यांनी धड्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकले. तेव्हा त्यांच्या भावंडांनी सांगितलं की प्रत्यक्ष शिकवण्यापेक्षा व्हिडिओच बरे वाटतात. का? तर व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, गेल्या वर्षीचं विसरलेलं पुन्हा बघता येतं, आणि "अजून समजलं नाही?" असं कोणी विचारत नाही. चौदाव्या वर्षी चारचौघांत चुकण्याची भीती फार मोठी असते. माझी भाची मांडवीची कमान सात वेळा खोडते, तेव्हा समोरची ताई सातही वेळा तितक्याच शांतपणे थांबलेली असते.

बडोद्याला तर दूरच्या आवाजाचं आणि हलत्या चित्राचं हे देणं नवं नाही. बडोदा संस्थानचे राजे सयाजीराव महाराज यांनी 1906 साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. 1910 साली विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून गावोगाव ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत फिरू लागल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी संस्थानाच्या ग्रंथालय खात्याने जादूचा कंदील आणि सिनेमाचे फुकट खेळ दाखवले. कधी न पाहिलेला मुलूख पांढऱ्या पडद्यावर उतरताना बघून त्या रात्री किती पोरांचे डोळे विस्फारले असतील!

याच शहरात 1890 साली कलाभवन सुरू झालं आणि त्र्यंबकेश्वरचा विशीतला एक तरुण तिथे येऊन छायाचित्रणासारख्या कला शिकला. त्याचं नाव धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके. पुढे एक परदेशी चित्रपट बघून दादासाहेबांना ध्यास लागला. ते विलायतेला गेले, कॅमेरा घेऊन आले आणि 1912 साली त्यांनी घरीच एक अगदी छोटी फिल्म केली. कुंडीत वाटाणा पेरायचा, कॅमेरा हलवायचा नाही आणि रोज थोडी थोडी चित्रं टिपत राहायचं. पडद्यावर महिन्याभराची वाढ क्षणांत दिसली, बी फुटून वेल डोलू लागला. फिल्म धुण्याच्या कामात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई बरोबरीने राबत. घरातल्या घरात, घरच्यांच्या मदतीने, समोर असेल ते टिपायचं आणि लोकांना चकित करायचं, हे आजच्या प्रत्येक व्हिडिओ करणाऱ्या पोराचं काम दादासाहेबांनी शतकापूर्वी करून ठेवलं होतं.

मराठीत अशा घरगुती व्हिडिओंचं मला सगळ्यांत आवडणारं रूप आहे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावचं. सुमन धामणे यांच्या नातवाला, यशला, 2020 साली पावभाजी खावीशी वाटली. आजींना ती येत नव्हती. त्याने मोबाइलवर कृती दाखवली. ती बघून आजी म्हणाल्या, मी याहून चांगली करीन, आणि केलीही. त्यातून कॉलेजात जाणाऱ्या या नातवाने 'आपली आजी' हा चॅनल सुरू केला. आजींची कारल्याची भाजी लाखो लोकांनी बघितली. ऑक्टोबर 2020 मध्ये चॅनल हॅक झाला, आजी हवालदिल झाल्या आणि काही दिवसांत तो परत मिळाला. इथे एका किशोराचा कान बाहेर वळला आणि फिरून आजीच्या चुलीपाशी आला. आणि ज्या घरात आजी नाही, त्या घरातल्या एखाद्या मुलाला अनोळखी आवाजात आजी मिळाली. बडोद्यात बहुतेकांची शाळा गुजराती किंवा इंग्रजीत, बाजारहाट गुजरातीत आणि मराठी मुख्यतः उंबऱ्याच्या आत. अशा शहरातल्या मुलांना हा गावाकडचा मराठी आवाज काय देत असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

काळजीच्या जागा आहेतच. पुढचा व्हिडिओ कोणता लागणार हे ठरवणाऱ्या यंत्रणेला आपल्या मुलाचं भलं कळत नाही. त्याने बघत राहावं, एवढंच तिला कळतं. दुसऱ्यांच्या झगमगीत आयुष्याशी तुलना करून मन कोमेजतं, झोप तुटते. हॉर्टन आणि वोल यांनीही सांगून ठेवलं होतं की हे नातं माणसांच्या जोडीला असेल तोवर ठीक, माणसांच्या जागी आलं की चिंता करावी. ओळखायची खूण साधी आहे: व्हिडिओ संपल्यावर मूल काय करतं? वही उघडतं, कढई चढवतं, कुणाशी तरी बोलतं, की नुसतं पुढे सरकवत राहतं? जेवणखाण सुटलं, बोलणंच बंद झालं, तर मात्र थांबू नये. सरकारची 14416 ही टेलिमानस सेवा त्यासाठीच आहे. तिथे फोन करायला पैसे पडत नाहीत.

माझ्या भाचीला आता वर्गात दोन मैत्रिणी मिळाल्या आहेत. मांडवीचं चित्र बघूनच पहिलीने बोलायला सुरुवात केली. सातचा व्हिडिओ मात्र चुकत नाही. परवा मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "कोण गं ही? मलाही दाखव." ती अर्धा तास न थांबता बोलत होती. तुमच्याही घरात तेराचौदा वर्षांचं कोणी असेल, तर मोबाइल काढून घेण्याआधी एकदा शेजारी बसा आणि तो आवाज तुम्हीही ऐका.