साठवणीचे मोल : गीतांजली कुलकर्णी यांचा अभिनयप्रवास

भिवंडीच्या सूत-कापडाच्या पेढ्या आणि गोदामांच्या रांगा मागे टाकून अंबाडी, कुडूसमार्गे जाणारा रस्ता वाड्यास पोहोचतो. धान्याच्या व्यापाऱ्यास वाडा म्हटले की प्रथम कोलम तांदूळ आठवतो. २०२१ साली या तांदळास भौगोलिक मानांकनही लाभले. याच वाडा तालुक्यातील सोनाळे गावी ‘क्वेस्ट’, म्हणजेच क्वालिटी एज्युकेशन सपोर्ट ट्रस्ट, ही संस्था आदिवासी भागातील मुलांच्या शिक्षणासाठी काम करते. ‘गुल्लक’ या वेब मालिकेतील आई म्हणून देशभरातील घराघरांत पोहोचलेल्या अभिनेत्री गीतांजली कुलकर्णी या कार्याशी जोडलेल्या आहेत. रंगभूमी, चित्रपट आणि वेब मालिका या तिन्ही क्षेत्रांत नाव मिळवणाऱ्या या अभिनेत्रीचा प्रवास भिवंडीच्या शेजारच्या तालुक्यापर्यंत कसा आला, हे व्यापारी कुटुंबांनी समजून घेण्यासारखे आहे. कारण हा प्रवास झटपट नफ्याचा नसून सावकाश केलेल्या साठवणीचा आहे.

स्त्रीने अभिनय करावा की नाही, हा प्रश्न एके काळी फार मोठा होता. दादासाहेब फाळके यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटातील तारामतीसाठी स्त्री कलावंत मिळाली नाही. अखेरीस उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना ती भूमिका द्यावी लागली. पुढे एकोणीस वर्षांनी, १९३२ मध्ये, प्रभात फिल्म कंपनीने तीच कथा ‘अयोध्येचा राजा’ या नावाने बोलपटात आणली. त्यात तारामती साकारली ती प्रतिष्ठित, सुशिक्षित घराण्यातील दुर्गा खोटे यांनी. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांचे पितृकुल जैन होते, हे समाजातील फार थोड्यांना ठाऊक असते. त्या एका भूमिकेने घरंदाज स्त्रीसाठी चित्रपटाचा दरवाजा उघडण्यास मोठा हातभार लावला. आज तो दरवाजा बंद नाही. मात्र आत गेल्यावर टिकायचे कशाच्या बळावर, हा प्रश्न उरतोच.

गीतांजली कुलकर्णी यांनी त्याचे उत्तर शिक्षणात शोधले. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली स्थापन झाले. तेथील तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात आवाज, देहबोली, संहितेचे वाचन, वेशभूषा, नेपथ्य अशा सर्व अंगांची तयारी करून घेतली जाते. नव्वदच्या दशकात त्यांनी हे शिक्षण पूर्ण केले. अभिनेते अतुल कुलकर्णी, जे पुढे त्यांचे जीवनसाथी झाले, तेही याच विद्यालयाचे विद्यार्थी. शिक्षण संपताच प्रसिद्धी मिळाली, असे मात्र घडले नाही. मोठ्या पडद्यावर त्यांची ठळक ओळख व्हायला जवळजवळ दोन दशके जावी लागली. तोवरचा मुख्य आधार होता तो रंगभूमीचा.

त्या रंगभूमीवरील दोन भूमिका त्यांच्या कलेचा आवाका दाखवतात. २०१२ साली लंडनच्या शेक्सपिअर्स ग्लोब या नाट्यगृहाने सदतीस भाषांतून शेक्सपिअरची सदतीस नाटके सादर करणारा महोत्सव भरवला. त्यात अतुल कुमार दिग्दर्शित ‘पिया बहरूपिया’ हे ‘ट्वेल्फ्थ नाइट’चे हिंदी रूप सादर झाले. गाणी, विनोद आणि नौटंकीचा बाज असलेल्या या नाटकात गीतांजली यांनी पुरुषवेषात वावरणारी नायिका व्हायोला साकारली. पुण्याच्या ‘आसक्त’ संस्थेच्या, मोहित टाकळकर दिग्दर्शित ‘गजब कहानी’मध्ये तर त्यांनी चक्क हत्तीची भूमिका केली. भारतातून परमुलखात नेल्या गेलेल्या त्या मुक्या जिवाचे सुखदुःख मानवी देहातून व्यक्त करायचे, तर प्रथम त्या जिवाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे लागते.

दुसऱ्याची बाजू समजून घेताना

हीच दृष्टी चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटात अधिक कसाला लागली. २०१४ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याने दोन पुरस्कार मिळवले, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार पटकावला आणि ऑस्करसाठी भारताकडून त्याचीच निवड झाली. गटारसफाई करणाऱ्या एका कामगाराने आपल्या गाण्यामुळे आत्महत्या केली, असा आरोप एका वृद्ध लोकशाहिरावर ठेवला जातो. त्याचा बचाव गुजराती घरातील वकील विनय व्होरा करतो आणि सरकारी वकील नूतन त्याला शिक्षा व्हावी म्हणून युक्तिवाद करते. नूतनची भूमिका गीतांजली यांची.

प्रेक्षकाची सहानुभूती साहजिकच शाहिराकडे असते. नूतनला खलनायिका करणे सोपे होते. पण गीतांजली यांनी तसे केले नाही. न्यायालयातून निघालेली नूतन लोकलने घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाकाला लागते आणि सुटीच्या दिवशी कुटुंबासह नाटकाला जाते. ती शेजारच्या घरात राहणाऱ्या कोणत्याही कष्टाळू गृहिणीसारखी दिसते. तिचा युक्तिवाद पटत नाही, तरी तिचा तिरस्कार करता येत नाही. सत्याला अनेक बाजू असतात आणि प्रत्येक बाजू ऐकून घ्यावी, ही अनेकांताची शिकवण जैन घरांत बालपणापासून कानी पडते. ज्याच्याशी मतभेद आहे त्याचेही माणूसपण दृष्टिआड होऊ देऊ नये, हा त्या शिकवणीचा व्यवहारातील अर्थ नूतनच्या भूमिकेत प्रत्यक्ष दिसतो.

पुढे ‘मुक्ती भवन’मधील सून, रितेश बत्रा यांच्या ‘फोटोग्राफ’मधील घरकाम करणारी रामप्यारी, ‘ताजमहल १९८९’ या वेब मालिकेतील लखनौची प्राध्यापिका अशा निरनिराळ्या थरांतील स्त्रिया त्यांनी उभ्या केल्या. परंतु सर्वसामान्य कुटुंबांत त्यांना आपलेसे केले ते २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘गुल्लक’ने. २०२४ मध्ये या मालिकेचे चौथे पर्व आले. उत्तर भारतातील छोट्या शहरातले मिश्रा कुटुंब, पगारात भागवणारे वडील, दोन मुलगे आणि सतत कुरकुरत घर सांभाळणारी आई शांती, एवढाच तिचा संसार. कथा सांगते ती घरातील नाणी साठवण्याची गुल्लक. हिंसा नाही, भडकपणा नाही. आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी एकत्र बसून पाहावी अशी ही मालिका. मराठी अभिनेत्रीने उत्तरेकडील बोलीचा हेल इतका आत्मसात केला की ती परप्रांतीय वाटतच नाही. त्यामागे रंगभूमीवरील अनेक वर्षांची तालीम आहे.

गोष्टीच्या रंगात

नाव मिळाल्यावर त्याचा विनियोग कसा करावा, हा प्रवासाचा पुढचा टप्पा. निलेश निमकर यांनी २००७ मध्ये उभारलेल्या ‘क्वेस्ट’चे अध्यक्षपद अतुल कुलकर्णी यांनी भूषवले आहे. गीतांजली यांनी संस्थेच्या ‘गोष्टरंग’ या उपक्रमास आकार दिला. वाडा परिसरातील अनेक मुलांची घरची बोली वारली, कातकरी अशी असते आणि पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी त्यांना परकी वाटते. अक्षरे ओळखता आली तरी अर्थ लागत नाही आणि वाचनाची गोडी लागण्यापूर्वीच मन उडते. ‘गोष्टरंग’मध्ये प्रशिक्षित तरुण कलावंत आश्रमशाळांत जाऊन मुलांच्या पुस्तकांतील गोष्टी नाट्यरूपाने सादर करतात. त्यानंतर मुलांशी त्या गोष्टीवर गप्पा होतात, भाषेचे खेळ होतात. डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट पुस्तकात पुन्हा भेटते, तेव्हा अनोळखी शब्दही ओळखीचे होतात. लंडनच्या रंगमंचावर उपयोगी पडलेली विद्या अशा रीतीने आश्रमशाळेतील मुलाच्या वाचनासाठी कामी येते. ज्ञानदानाचे महत्त्व जाणणाऱ्या समाजाला याचे मोल निराळे सांगायला नको.

जैन व्यापारी कुटुंबांतील मुलीही आज पाठशाळेच्या आणि पर्युषणातील कार्यक्रमांत नाटिका करतात, टाळ्या मिळवतात. त्यांपैकी एखादी ‘मला हेच शिकायचे आहे’ म्हणाली की घरात शांतता पसरते. चारित्र्य, आहार, अनियमित वेळा, विवाह याविषयी पालकांची चिंता खोटी नसते आणि ती हसण्यावारीही नेऊ नये. परंतु पेढी नवा माल घेण्यापूर्वी जशी चौकशी करते, तशी येथेही करता येते. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र व मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स येथे रीतसर शिक्षण मिळते. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात प्रवेशासाठी पदवी आणि नाटकांतील अनुभव आवश्यक असतो. म्हणजे शिक्षण अर्धवट सोडण्याची गरज नाही, उलट ते पूर्णच करावे लागते. कोणती भूमिका स्वीकारायची आणि कोणती नाकारायची, हा विवेकही शिकलेल्या कलावंताला अधिक ठामपणे करता येतो.

पिढ्यान्‌पिढ्या चालणारी पेढी पहिल्या वर्षाच्या नफ्यावर जोखली जात नाही. घरातील मुलीने निवडलेल्या विद्येलाही तेवढाच अवधी आणि तेवढाच विश्वास मिळाला, तर तिची साठवण तिच्या स्वतःच्या उपयोगी पडेलच; शिवाय ज्यांच्या हाती अजून एकही गोष्टीचे पुस्तक आलेले नाही, अशा मुलांपर्यंतही ती पोहोचू शकेल.